उतारावरच्या पेटीवरील अभिलंब बल: ‘एमजी कॉस थीटा’ केव्हा लागू पडते आणि का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १० किलोग्रॅम वस्तुमानाची एक पेटी ३० अंशांच्या उतारावर स्थिर आहे आणि तिच्यावरील अभिलंब बल, म्हणजे पृष्ठभाग तिला स्वतःच्या लंब दिशेत देतो ते आधाराचे बल, काढायचे आहे. वर्गात शिकवलेल्या रीतीने ते ‘एमजी कॉस थीटा’ (वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उताराच्या कोनाचा, म्हणजे थीटाचा, कॉस) म्हणजे सुमारे ८४.९ न्यूटन येते. तुम्ही मात्र अभिलंब बलाचा उभा घटक घेतला, तो वजनाइतका मानला आणि वजनाला कॉस थीटाने भागून सुमारे ११३.२ न्यूटन असे उत्तर काढले. पेटी वर किंवा खाली जात नाही, म्हणून उभ्या दिशेतील बले एकमेकांना तोलून धरणारच, हे तुमचे कारण. कललेल्या वळणावरून जाणाऱ्या मोटारीच्या प्रकरणात पाठ्यपुस्तकही हेच समीकरण मांडते, याकडे तुम्ही लक्ष वेधले आहे.

या प्रश्नातल्या पेटीसाठी पहिले उत्तर बरोबर आहे. तुमच्या विचारातील ‘उभ्या दिशेतील बले तोलली गेली पाहिजेत’ हा भाग पूर्णपणे योग्य आहे. चूक एवढीच की उभ्या दिशेत काम करणारे एक बल तुमच्या समीकरणातून सुटले आहे. ते बल घर्षणाचे. पण केवळ एवढे सांगून थांबलो तर मोटारीचे कोडे सुटत नाही आणि पुढच्या वेगळ्या गणितात तीच अडचण पुन्हा उभी राहील, म्हणून मुळापासून सांगतो.

अभिलंब बलाचे स्वतःचे असे सूत्र नसते. गुरुत्वाकर्षणाचे बल वस्तुमानावरून थेट लिहिता येते, स्प्रिंगचे बल तिच्या ताणावरून लिहिता येते. अभिलंब बलाबाबत असे काही आधी ठरलेले नसते. पेटी पृष्ठभागावर टेकते तेव्हा पृष्ठभाग अत्यंत सूक्ष्म प्रमाणात दबतो, दोन्ही पदार्थांच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन एकमेकांच्या निकट येतात आणि विद्युत प्रतिकर्षण व पाउली यांचा अपवर्जन सिद्धांत (दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत हा नियम) यांमुळे आणखी जवळ येण्यास विरोध होतो. हा विरोध पेटी पृष्ठभागात घुसू नये यासाठी जेवढा लागेल तेवढाच वाढतो. पेटीवर वरून हात दाबला तर तो वाढतो, पेटी किंचित उचलून धरली तर तो कमी होतो आणि पेटी पृष्ठभागापासून सुटली की शून्य होतो. म्हणून गणितात अभिलंब बल हे नेहमी अज्ञात राशी म्हणून लिहावे आणि ते न्यूटनच्या दुसऱ्या नियमातून (बलांची बेरीज = वस्तुमान × त्वरण) बाहेर पडू द्यावे. त्याची दिशा मात्र आधीपासून माहीत असते: पृष्ठभागाला लंब आणि पृष्ठभागाकडून वस्तूकडे.

हे मान्य केले की रीत एकच उरते. पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशेत पेटीवरील सर्व बलांचे घटक घ्यावेत, त्याच दिशेत पेटीला किती त्वरण आहे ते गणिताच्या परिस्थितीवरून ठरवावे आणि दोहोंची सांगड घालावी. उतार जागेवर पक्का असेल, सपाट असेल आणि पेटी त्याला टेकून असेल, तर ती स्थिर असो वा घसरत असो, लंब दिशेत तिचे त्वरण शून्यच असते.

आता तुमची पेटी घेऊ. तिच्यावर तीन बले आहेत: सरळ खाली ओढणारे वजन, उताराला लंब असलेले अभिलंब बल आणि उताराला समांतर, वरच्या दिशेने रोखून धरणारे स्थितिक घर्षण. अक्ष उताराला समांतर आणि लंब असे घेतले तर अभिलंब बल पूर्णपणे एका अक्षावर आणि घर्षण पूर्णपणे दुसऱ्या अक्षावर येते. घटक करावे लागतात ते फक्त वजनाचे. तिरके अक्ष घेण्यामागे एवढीच सोय आहे, त्यात भौतिकशास्त्राचा कोणताही वेगळा नियम दडलेला नाही.

वजनाच्या कोणत्या घटकाला कॉस आणि कोणत्याला साइन, येथे पुष्कळ विद्यार्थी अडखळतात आणि मग पाठांतराचा आधार घेतात. पाठ करण्याची गरज नाही. उतार क्षैतिज रेषेपासून थीटा कोनात फिरला की त्याला लंब असलेली रेषाही उभ्या रेषेपासून तेवढ्याच कोनात फिरते, कारण दोन्ही रेषा एकमेकींशी काटकोनात जखडलेल्या आहेत. म्हणजे वजन आणि उताराचा लंब यांच्यातील कोन थीटाच असतो, आणि त्या कोनाला लगत असलेला लंब दिशेतील घटक वजन गुणिले कॉस थीटा इतका होतो. खात्रीसाठी टोकाच्या स्थिती पाहाव्यात. उतार सपाट केला, थीटा शून्य झाला, तर पृष्ठभागाने पूर्ण वजन पेलले पाहिजे. कॉस शून्य एक असतो, उत्तर जुळले. उतार भिंतीसारखा उभा केला तर पेटी भिंतीवर दाब देणारच नाही. कॉस ९० अंश शून्य असतो, तेही जुळले. परीक्षेच्या गडबडीतही ही तपासणी करता येते. चुकून साइन लिहिले असेल तर ती लगेच लक्षात येते, आणि तुमचे ११३.२ न्यूटनचे उत्तरही येथेच अडले असते, कारण वजन भागिले कॉस थीटा ही राशी कोन ९० अंशांकडे जाताना अनंताकडे जाते. उभ्या भिंतीला नुसत्या टेकलेल्या पेटीने भिंतीवर अनंत दाब देणे शक्य नाही.

गुरुत्वीय त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले तर पेटीचे वजन ९८ न्यूटन होते. लंब दिशेत अभिलंब बल = ९८ × ०.८६६ = ८४.८७ न्यूटन. उताराच्या दिशेत घर्षण = ९८ × ०.५ = ४९ न्यूटन. पेटी खरोखरच स्थिर राहायची असेल तर स्थितिक घर्षण गुणांक (घर्षण जास्तीत जास्त अभिलंब बलाच्या किती पट होऊ शकते ते सांगणारा आकडा) किमान ४९ ÷ ८४.८७, म्हणजे टॅन ३० अंश, सुमारे ०.५८ इतका हवा. प्रश्नात पेटी ‘स्थिर आहे’ असे म्हटले की एवढे घर्षण उपलब्ध आहे हे आपोआप गृहीत धरलेले असते. प्रश्न वाचताना ही अट बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

आता तुमच्याच अक्षांवर, उभ्या आणि आडव्या दिशेत, हे गणित पुन्हा मांडू. अभिलंब बलाचा वरच्या दिशेतील घटक ८४.८७ × ०.८६६ = ७३.५ न्यूटन. उताराच्या वरच्या दिशेने लागणाऱ्या घर्षणालाही उभा घटक आहे आणि तो ४९ × ०.५ = २४.५ न्यूटन. दोहोंची बेरीज बरोबर ९८ न्यूटन, म्हणजे पेटीचे वजन. आडव्या दिशेत अभिलंब बल पेटीला ८४.८७ × ०.५ = ४२.४ न्यूटन बलाने उतारापासून बाहेर लोटते आणि घर्षणाचा आडवा घटक ४९ × ०.८६६ = ४२.४ न्यूटन तिला तेवढ्याच बलाने आत ओढतो. तुम्ही लिहिलेल्या समीकरणात ते २४.५ न्यूटन नव्हते, त्यामुळे संपूर्ण वजन पेलण्याचा भार एकट्या अभिलंब बलावर पडला आणि ते फुगून ११३.२ झाले. तुम्ही आडव्या दिशेचे समीकरणही लिहिले असते तर घर्षणाशिवाय अभिलंब बलाच्या आडव्या घटकाला तोलणारे कोणीच नाही हे समोर आले असते. एका दिशेचे समीकरण मांडून थांबू नये, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो, ते यासाठीच.

मग घर्षण अजिबात नसेल तर तुमचे समीकरण बरोबर ठरेल का? तसेही नाही. गुळगुळीत उतारावर पेटी ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने खाली घसरते, आणि त्या त्वरणाला खालच्या दिशेतील घटक आहे: ४.९ × ०.५ = २.४५. वजन वजा अभिलंब बलाचा उभा घटक, म्हणजे ९८ – ७३.५ = २४.५ न्यूटन, आणि १० किलोग्रॅम गुणिले २.४५ म्हणजेही २४.५ न्यूटन. उभ्या दिशेत पेटीला त्वरण असल्यामुळे तेथे बले तोललेली नसतात. अभिलंब बल मात्र येथेही ८४.८७ न्यूटनच आहे, कारण लंब दिशेतील परिस्थिती घर्षण असताना आणि नसताना सारखीच आहे.

वळणावरच्या मोटारीचे प्रकरण येथून सहज उलगडते. रस्ता कललेला आहे, घर्षण विचारात घेतलेले नाही, आणि मोटार उतारावरून खाली न घसरता ठरावीक वेगाने आडव्या वर्तुळात फिरते. तिचे त्वरण पूर्णपणे आडवे, वर्तुळाच्या केंद्राकडे असते, उभ्या दिशेत त्वरण नसते आणि घर्षणाचे बलही नसते. म्हणून तेथे अभिलंब बल गुणिले कॉस थीटा = वजन हे समीकरण अगदी योग्य आहे. पण आपली लंब दिशेची रीत लावली तरी उत्तर तेच येते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. तुलनेसाठी तेच १० किलोग्रॅम आणि तेच ३० अंश घेऊ. या स्थितीतील केंद्राकडचे त्वरण ९.८ × टॅन ३० अंश, म्हणजे ५.६६ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. या आडव्या त्वरणाचा रस्त्याला लंब घटक ५.६६ × ०.५ = २.८३ असून तो रस्त्यापासून वरच्या बाजूस आहे. म्हणजे अभिलंब बल वजा ८४.८७ = १० × २.८३, आणि त्यातून अभिलंब बल ११३.२ न्यूटन. तुमचाच आकडा येथे खरा ठरला. दोन्ही गणितांत नियम एकच आहे. लंब दिशेतील त्वरण पेटीच्या बाबतीत शून्य आहे आणि मोटारीच्या बाबतीत शून्य नाही.

उलट दिशेचे उदाहरणही पाहावे, कारण त्यात अभिलंब बल ‘एमजी कॉस थीटा’पेक्षा कमी होते. गुळगुळीत फरशीवर सुटी ठेवलेली १० किलोग्रॅमची पाचर आहे आणि तिच्या ३० अंशांच्या गुळगुळीत उतारावरून आपली १० किलोग्रॅमची पेटी घसरते आहे. पेटी पाचरीला मागे ढकलते, पाचर सरकते आणि पेटीच्या खालून पृष्ठभाग थोडासा निसटत जातो. पाचरीचे त्वरण ‘अ’ मानले तर पाचरीसाठी अभिलंब बल × ०.५ = १० × अ, आणि पेटीसाठी लंब दिशेत ८४.८७ – अभिलंब बल = १० × अ × ०.५. पहिल्यातील ‘अ’ दुसऱ्यात घातला की अभिलंब बल = ८४.८७ ÷ १.२५, म्हणजे सुमारे ६७.९ न्यूटन. पाचर जितकी जड घ्याल तितके हे उत्तर ८४.८७ च्या जवळ जाईल. जमिनीत घट्ट बसवलेला उतार म्हणजे अतिशय जड पाचरच होय. प्रवेश परीक्षांच्या तयारीत हे गणित हमखास भेटते, आणि त्यात सवयीने ‘एमजी कॉस थीटा’ लिहून टाकणाऱ्याचे सगळे पुढचे काम वाया जाते.

बाहेरून आणखी बल लावले तर तेही लंब दिशेच्या समीकरणात आले पाहिजे. स्थिर पेटीला उताराकडे ढकलणारा ४० न्यूटनचा आडवा रेटा दिला तर त्याचा लंब घटक ४० × ०.५ = २० न्यूटन पेटीला उतारावर दाबतो, आणि अभिलंब बल १०४.८७ न्यूटन होते. त्याच रेट्याचा उताराच्या दिशेतील घटक ३४.६ न्यूटन असल्यामुळे घर्षणाला आता ४९ ऐवजी फक्त १४.४ न्यूटन पुरवावे लागते. एकाच रेट्याने दाब वाढला आणि घर्षणाची गरज घटली, म्हणून पेटी दुहेरी कारणाने अधिक पक्की बसते. दोर उतारापासून वरच्या कोनात ओढला तर त्याच्या लंब घटकाएवढे अभिलंब बल कमी होते. वर जाताना वेग घेणाऱ्या लिफ्टमध्ये हाच उतार ठेवला तर गुरुत्वीय त्वरणात लिफ्टचे त्वरण मिळवून कॉस थीटाने गुणावे, तेवढे पुरते.

कोन लहान असताना काय होते याची कल्पना येण्यासाठी आपल्याकडचे घाटातले लोहमार्ग पाहावेत. कर्जत ते लोणावळा दरम्यानच्या भोर घाटात आणि कसारा ते इगतपुरी दरम्यानच्या थळ घाटात चढ ३७ ला १ इतका आहे, म्हणजे सुमारे दीड अंश. या कोनाचा कॉस ०.९९९६ आहे. १००० टनांची गाडी घेतली तर रुळांवरचा लंब दाब सपाट मार्गाच्या तुलनेत अर्ध्या टनानेही कमी होत नाही. उताराच्या दिशेतील ओढ मात्र शून्यावरून थेट २७ टनांच्या वजनाइतकी होते, आणि ती पेलण्यासाठी घाटात गाड्यांना जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडावी लागतात. लहान कोनांवर कॉस जवळजवळ हलत नाही आणि साइन कोनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून साध्या रस्त्यांच्या गणितात अभिलंब बल वजनाइतके धरले तर चालते, पण उताराच्या दिशेतील घटक सोडून दिला तर चालत नाही.

ज्यांना त्रिकोणमितीची अद्याप सवय नाही त्यांच्यासाठी एक जुनी वाट सांगतो. स्थिर पेटीवरील तीन बले बाणांच्या रूपात, एका बाणाच्या टोकाला पुढच्याची शेपूट जोडून काढली तर बंद त्रिकोण होतो आणि तो उताराच्या स्वतःच्या त्रिकोणाशी समरूप असतो. वजन कर्णाच्या जागी, अभिलंब बल पायाच्या जागी आणि घर्षण उंचीच्या जागी येते. फळी ५ मीटर लांब, तिचे वरचे टोक ३ मीटर उंच आणि पाया ४ मीटर असेल, तर अभिलंब बल वजनाच्या चार पंचमांश आणि घर्षण तीन पंचमांश. कोन मोजण्याची गरजच पडत नाही. उतारावरील संतुलनाचा हा संबंध फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिन यांनी १५८६ मध्ये मांडला, न्यूटनच्या नियमांच्या एक शतक आधी, आणि मला आजही तो अध्यापनासाठी उत्तम वाटतो, कारण विद्यार्थ्याला आकृती प्रमाणात काढावी लागते.

वजन आणि अभिलंब बल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे असा समजही येथेच दूर करता येतो. सपाट टेबलावर दोन्ही समान आणि विरुद्ध असतात म्हणून तो समज बळावतो. उतारावर ती समानही नाहीत आणि विरुद्ध दिशांनाही नाहीत, शिवाय दोन्ही एकाच पेटीवर लागतात. अभिलंब बलाची जोडी म्हणजे पेटीने उतारावर दिलेला ८४.८७ न्यूटनचा दाब. वजनाची जोडी म्हणजे पेटीने पृथ्वीवर लावलेले ९८ न्यूटनचे आकर्षण.

एक बाब पाठ्यपुस्तकांत बहुधा सोडून दिलेली असते: अभिलंब बल पेटीच्या तळाच्या नेमक्या कोणत्या बिंदूतून जाते? आकृतीत ते तळाच्या मध्यातून काढण्याची पद्धत आहे, पण उतारावर स्थिर असलेल्या पेटीसाठी ते खरे नाही. घर्षण तळाशी लागते आणि पेटीला पुढे कलंडवू पाहते; ते परिवलन तोलण्यासाठी अभिलंब बल मध्यापासून उताराच्या खालच्या बाजूला सरकते, ते थेट वस्तुमानकेंद्रातून सोडलेल्या ओळंब्याची रेषा तळाला जेथे भेटते त्या बिंदूपर्यंत. पेटीचा तळ उताराच्या दिशेत ४० सेंटिमीटर आणि उंची ६० सेंटिमीटर असेल, तर हे सरकणे ३० × टॅन ३० अंश, म्हणजे १७.३ सेंटिमीटर आहे. मध्यापासून कडा २० सेंटिमीटरवर आहे, म्हणून पेटी उभी राहते, पण तळाच्या खालच्या कडेजवळ बराच दाब एकवटलेला असतो. उंची ८० सेंटिमीटर केली तर २३.१ सेंटिमीटर सरकावे लागेल, तळ तेथे संपलेला आहे, आणि घर्षणाने पेटीला घसरू दिले नाही तर ती कलंडेल. ट्रकमध्ये किंवा उतरत्या फळीवर उंच सामान ठेवणाऱ्याला घसरण्याइतकीच कलंडण्याचीही चिंता करावी लागते.

हे सगळे स्वतः मोजून पाहायचे असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरेसा आहे, कारण तो मुख्यतः आपल्या ताटलीला लंब असलेले बलच मोजतो. एक मीटर लांबीच्या सरळ फळीचे एक टोक ३४ सेंटिमीटर उचलून पक्के करावे, म्हणजे कोन २० अंशांचा होतो. काटा घसरणार नाही असा फळीवर बसवावा, ताटलीवर रबरी जाळीचा तुकडा ठेवावा आणि त्यानंतरच शून्याचे बटण दाबावे. सपाट ठेवून शून्य केले आणि मग काटा कलवला तर ताटलीच्या स्वतःच्या वजनाचा लंब घटक बदलल्यामुळे काटा सुरुवातीलाच वजा आकडा दाखवतो आणि सगळे वाचन बिघडते. मग एक किलो साखरेची पिशवी आडवी ठेवावी. काट्यावर ९४० ग्रॅमच्या आसपास वाचन येईल. २० अंशांचा कॉस ०.९४० आहे. पिशवी ताटलीवर घसरत नाही याकडे मात्र लक्ष ठेवावे, आणि घसरत असेल तर कोन १५ अंशांवर आणून ९६६ ग्रॅमची अपेक्षा धरावी.